जिवाणूंची विषं आणि आपल्या पांढऱ्या पेशी: कोकणातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोकणात तापाचे प्रश्नही सुरू होतात. लावणीला उतरलेला माणूस आठ-दहा दिवसांनी डोळे लाल करून दवाखान्यात येतो. गणपतीत एखाद्या घरात सगळ्यांना एकदम उलट्या होतात. कालवं काढताना पाय कापतो आणि रात्रीतून सुजतो. या सगळ्या आजारांत जिवाणूनं बनवलेला एखादा पदार्थ आपल्या पेशीवरच्या ठरावीक रेणूवर जाऊन बसतो आणि पुढचा त्रास तिथून सुरू होतो. विद्यार्थी, आशाताई, शेतकरी, मासेविक्रेत्या बायका यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती आजार समजून घेण्यासाठी आहे. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

जिवाणूचं विष म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानानं दोन प्रकार आहेत. पहिला बाह्यविषांचा, म्हणजे एक्झोटॉक्सिनचा. ही बहुतेक प्रथिनं असतात. जिवंत जिवाणू ती बनवून बाहेर सोडतो. घटसर्प, धनुर्वात, कॉलरा, डांग्या खोकला यांची विषं या प्रकारातली.

दुसरा प्रकार अंतर्विषाचा, म्हणजे एंडोटॉक्सिनचा. हे प्रथिन नाही. ग्रॅम-निगेटिव्ह (आवरणाला बाहेरून आणखी एक पटल असलेल्या) जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातच असलेला तो लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू आहे. जिवाणू फुटला की तो मोकळा होतो. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर हे रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करत असताना त्यांना दिसलं की कॉलऱ्याचे मेलेले जिवाणू टोचले तरी गिनीपिग मरतात. त्यातून अंतर्विषाची कल्पना पुढे आली.

आपल्या पेशींवर या विषांसाठी रिसेप्टर असतातच कशाला?

बहुतेक वेळा ते विषासाठी नसतातच. रिसेप्टर (मराठी पुस्तकांत ग्राही) म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा, बाहेरचा निरोप आत पोचवणारा रेणू. पांढऱ्या पेशींना सूज कुठे आली आहे हे कळावं, शेजारच्या पेशीला धरता यावं, अशा कामांसाठी शरीरानं ते बनवलेले असतात. जिवाणूचं विष त्यांतलाच एखादा रेणू पकडतं.

काही रिसेप्टर मात्र खरोखरच जिवाणू ओळखण्यासाठी आहेत. टोल-सारखे रिसेप्टर (टीएलआर) त्यांतले. टीएलआर-४ अंतर्विष ओळखतो, टीएलआर-५ जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो आणि टीएलआर-२ जिवाणूंची लिपोप्रथिनं (मेद जोडलेली प्रथिनं) ओळखतो.

हा फरक लक्षात ठेवा. अंतर्विषाच्या बाबतीत आपलं शरीर विषाला ओळखतं आणि आजारातला मोठा भाग त्या प्रतिक्रियेचा असतो. बाह्यविषांच्या बाबतीत बहुधा विषच आपल्या पेशीला वापरून घेतं. ‘जंतू किती वाईट’ एवढाच प्रश्न विचारला की हे निसटतं. आजार किती वाढेल हे आपल्या पेशीवर काय आहे यावरही तितकंच अवलंबून असतं.

अंतर्विष रक्तात गेलं की ताप कसा येतो?

रक्तात एलबीपी नावाचं प्रथिन असतं. ते अंतर्विषाचा रेणू उचलून मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-१४ या रेणूला देतं. तिथून तो एमडी-२ आणि टीएलआर-४ या जोडीकडे जातो. अंतर्विषाचा लिपिड-ए हा तेलकट भाग एमडी-२ च्या पोकळीत शिरला की दोन टीएलआर-४ एकमेकांजवळ येतात आणि पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही संदेश देणारी प्रथिनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन-ई-२ वाढतं आणि शरीराचं तापमान वर ठरवलं जातं. पॅरासिटामॉल ताप उतरवतं ते या शेवटच्या टप्प्यावर. जिवाणूला त्याचा काही धक्का लागत नाही, म्हणून ‘गोळीनं ताप गेला, बरा झालो’ हे गृहीत धरू नका.

टीएलआर-४ हाच अंतर्विषाचा रिसेप्टर, हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं. अंतर्विषाचा अजिबात परिणाम न होणारी उंदरांची एक जात त्यांनी तपासली. तिच्यात नेमकं याच रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं निघालं. त्याआधी ज्यूल्स हॉफमन यांनी फळमाशीत टोल जनुकाचं रोगप्रतिकारातलं काम दाखवलं होतं. दोघांना २०११ मध्ये राल्फ स्टाइनमन यांच्यासह नोबेल मिळालं.

ही प्रतिक्रिया थोडी असेल तर जिवाणू मरतो. सगळ्या शरीरभर एकदम झाली तर रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात. सेप्टिक शॉक म्हणतात तो हाच. माणसाच्या पेशीच्या आतही पहारा असतो. अंतर्विष पेशीत शिरलंच तर कॅस्पेस-४ आणि कॅस्पेस-५ ही प्रथिनं कापणारी विकरं त्याला पकडतात, गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापतात आणि ती पेशी स्वतःला भोकं पाडून फुटते.

लेप्टोचे जंतू उंदराच्या लघवीत असतात. मग उंदराला काहीच होत नाही आणि माणूस कसा मरतो?

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडात हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर या संपूर्ण विषयाच्या मध्यभागी आहे.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्री आकाराचा जिवाणू. त्याच्या आवरणातही लिपोपॉलिसॅकराइड आहे, पण त्याचा लिपिड-ए नेहमीच्या साच्यातला नाही. त्याच्या एका फॉस्फेटवर मिथाइल गट चढलेला असतो आणि दुसरा फॉस्फेट नसतोच. माणसाच्या टीएलआर-४ ला हा रेणू ओळखता येत नाही. उंदराचा टीएलआर-४ मात्र तो ओळखतो. माणसाच्या पेशींना लेप्टोचा सुगावा मुख्यतः टीएलआर-२ कडून, जिवाणूच्या लिपोप्रथिनांमुळे लागतो. म्हणजे पहिल्या काही दिवसांत जिथे इशारा मिळायला हवा तिथे आपला एक महत्त्वाचा पहारेकरी गप्प असतो. तोवर जिवाणू रक्तातून यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असा पसरतो. उंदीर लवकर सावध होतो आणि रोग आटोक्यात ठेवतो, तरी त्याच्या मूत्रपिंडातल्या नलिकांत जिवाणू टिकून राहतात आणि लघवीवाटे मळ्यात येत राहतात.

उंदीर वाचण्याचं हे एकमेव कारण नाही. उंदीर आणि लेप्टो फार जुन्या काळापासून एकत्र राहत आले आहेत आणि इतरही फरक आहेत. पण रिसेप्टरमधला हा फरक प्रयोगांत स्पष्ट दिसलेला आहे. टीएलआर-४ नसलेले उंदीर लेप्टोनं गंभीर आजारी पडतात.

आता मळ्यातली गोष्ट. चिखलणी आणि लावणीत पाय तासन्‌तास पाण्यात असतात, टाचांना भेगा असतात, गुरांची आणि उंदरांची लघवी त्याच पाण्यात मिसळते. गमबूट घाला असं सांगणं सोपं असतं. गुडघाभर चिखलात बूट रुततात हे शेतात उतरलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून निदान जखमा आणि भेगा झाकणं, काम झाल्यावर स्वच्छ पाण्यानं साबण लावून पाय धुणं, आणि आरोग्य केंद्राकडून डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या जात असतील तर त्या सांगितल्याप्रमाणे घेणं, एवढं तरी करावं. ताप, पोटऱ्यांत न सोसवणारं दुखणं आणि लाल डोळे ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की ‘अंग भिजलं म्हणून कणकण आहे’ असं म्हणत घरी बसू नका. ‘मी मळ्यात काम करतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

लेप्टोचं इंजेक्शन दिल्यावर तासा-दोन तासांत थंडी वाजून ताप आणखी वाढला. औषध चुकलं का?

बहुधा नाही. याला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. लेप्टो, सिफिलिस असे मळसूत्री जिवाणू प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसनं एकदम फुटतात, त्यांच्या आवरणातले रेणू रक्तात मोकळे होतात आणि पांढऱ्या पेशी टीएनएफ व इतर सायटोकाइन (संदेश देणारी प्रथिनं) सोडतात. सहसा दिवसाभरात हे ओसरतं. तरी रक्तदाब बघायला हवा, म्हणून दवाखान्यात लगेच कळवा. औषध स्वतःहून बंद करू नका.

प्लेगचा जंतूही असंच फसवतो असं वाचलं. खरं आहे?

खरं आहे, आणि त्याची युक्ती फार पुढची आहे. पिसवाच्या अंगात, जिथे तापमान कमी असतं, तिथे प्लेगचा जिवाणू मेदाच्या सहा शेपट्यांचा लिपिड-ए बनवतो. माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात आला की तो मुख्यतः चार शेपट्यांचा बनवायला लागतो. सहा शेपट्यांचा रेणू टीएलआर-४ ला चटकन जागा करतो, चार शेपट्यांचा जवळपास करत नाही. आपली शरीरं बेसावध राहतात ती अशी.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरणीतले कितीतरी चाकरमानी गलबतांनी आणि पायी कोकणात परतले. त्याच साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत मारलेल्या जिवाणूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. टीएलआर-४ ची ओळख पटायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती.

गळवात एवढा पू होतो, म्हणजे पांढऱ्या पेशी हरतात का?

पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाच्या जागी आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांतले बरेच लढता लढता मरतात, पण काहींना मारण्यासाठीच स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू विषं बनवतो. त्यांना ल्युकोसिडिन म्हणतात. आपल्या दमट उन्हाळ्यात वारंवार होणारी गळवं आणि केसतोड यांत हा जिवाणू नेहमी सापडतो.

ल्युकोसिडिन दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा न्यूट्रोफिलवरचा ठरावीक रिसेप्टर पकडतो, मग दुसरा त्याला येऊन मिळतो. असे आठ तुकडे गोलाकार जुळले की पेशीच्या पटलाला आरपार भोक पडतं. पीव्हीएल हे विष (पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेलं) सी-५-ए रिसेप्टर पकडतं. हा रिसेप्टर न्यूट्रोफिलला संसर्गाच्या जागी खेचून आणण्यासाठी असतो. म्हणजे जो रेणू पेशीला लढाईकडे घेऊन येतो त्याच्यावरच विष बसतं. ल्यूक-ईडी हे दुसरं विष सीसीआर-५, सीएक्ससीआर-१ आणि सीएक्ससीआर-२ वर बसतं. अल्फा-टॉक्सिन एडॅम-१० नावाच्या रेणूवर बसतं, आणि तो न्यूट्रोफिलपुरता मर्यादित नाही, त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या पेशींवरही असतो.

गळू दाबू नका, ब्लेडनं घरी फोडू नका. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा.

हे विष सगळ्यांना सारखंच बाधतं का?

नाही. सीसीआर-५ हाच रेणू एचआयव्हीही वापरतो. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे एक टक्का लोकांत या जनुकाच्या दोन्ही प्रतींत ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो आणि त्यांच्या पेशींवर सीसीआर-५ नसतो. अशा लोकांच्या टी पेशींवर (हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ल्यूक-ईडीचा परिणाम होत नाही, हे २०१३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. भारतात हा बदल फार विरळ आहे.

प्राण्या-प्राण्यांतला फरक याहून मोठा. पीव्हीएल माणसाच्या आणि सशाच्या न्यूट्रोफिलना मारतं, उंदराच्या न्यूट्रोफिलवर त्याचा जवळपास परिणाम नाही. कित्येक वर्षं उंदरांवर प्रयोग करून ‘हे विष फारसं महत्त्वाचं नाही’ असे निष्कर्ष निघाले त्यामागे हे एक कारण होतं. टायफॉइडचं विषही असंच. ते माणसाच्या पेशीवरच्या एका ठरावीक सायलिक आम्लाच्या साखरेवर बसतं आणि पांढऱ्या पेशींवर ती साखर मिरवणारा सीडी-४५ हा रेणू त्याला सापडतो. चिंपांझीसह बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या साखरेचं एक वेगळं रूप भरपूर असतं. माणसाच्या पूर्वजांत ते रूप बनवणारं जनुक लाखो वर्षांपूर्वी बंद पडलं.

सुपरअँटिजन काय असतं? त्याला एवढं घाबरतात का?

टी पेशी नेहमी कशी काम करते ते आधी पाहू. दुसरी एखादी पेशी जिवाणूच्या प्रथिनाचा छोटा तुकडा एमएचसी वर्ग-२ या रेणूच्या खाचेत ठेवून दाखवते. ज्या टी पेशीचा रिसेप्टर नेमक्या त्या तुकड्याशी जुळतो तीच जागी होते. अशा पेशी दहा हजारांत एखादी, बहुधा त्याहूनही कमी.

सुपरअँटिजन खाचेकडे जातच नाही. ते बाहेरच्या बाजूनं एमएचसीला आणि टी पेशीच्या रिसेप्टरच्या व्ही-बीटा भागाला एकाच वेळी धरतं. तुकडा कोणता हे तपासलंच जात नाही. व्ही-बीटाचे प्रकार मोजकेच असल्यामुळे शरीरातल्या पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त टी पेशी एका झटक्यात जाग्या होतात. घरच्या पूजेला एका वाडीला सांगायचं आणि पंचक्रोशीला आवतण जायचं, तसा हा प्रकार. काही सुपरअँटिजन टी पेशीवरच्या सीडी-२८ लाही धरतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

परिणाम म्हणजे टॉक्सिक शॉक सिंड्रोम: अचानक चढलेला ताप, उन्हात भाजल्यासारखी अंगभर लाली, उलट्या-जुलाब, खाली गेलेला रक्तदाब, आणि लाली उठल्यावर एक-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची निघणारी साल. जेम्स टॉड यांनी १९७८ मध्ये मुलांमधल्या रुग्णांवरून या आजाराला नाव दिलं. १९८० मध्ये अमेरिकेत जास्त शोषण करणाऱ्या टॅम्पॉनमुळे तो तरुण बायकांमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसला. पण तो फक्त पाळीशी जोडू नका. भाजल्याची जखम, शस्त्रक्रियेनंतर नाकात भरलेली पट्टी, साधं दिसणारं गळू, यातूनही तो होतो. टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर पाकिटावर दिलेली वेळ पाळा, आणि पाळीत असा ताप व लाली दिसली तर तो आधी काढून लगेच दवाखान्यात जा.

बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाविरुद्ध अँटिबॉडी आधीपासून असतात. ज्यांच्यात त्या तयार झालेल्या नसतात त्यांना खरा धोका.

नैवेद्याची खीर पुन्हा चांगली उकळली होती. तरी सगळ्यांना उलट्या कशा झाल्या?

कारण उकळल्यानं स्टॅफिलोकॉकस मेला, पण त्यानं आधीच बनवून ठेवलेलं एंटेरोटॉक्सिन (पोटात त्रास देणारं विष) टिकलं. अर्धा तास उकळूनही ते पुष्कळसं शिल्लक राहतं. हा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतो आणि बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर असतोच. दूध, खवा, भात, नारळाचा रस घातलेले पदार्थ उन्हाळ्यात किंवा भादव्याच्या दमट हवेत काही तास बाहेर राहिले की तो वाढतो. चव आणि वास बदलत नाही, म्हणून कळत नाही.

खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हे एंटेरोटॉक्सिनही सुपरअँटिजनच आहे. पोटात मात्र त्याचा उलटीचा परिणाम आतड्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत होतो. प्रतिजैविकाचा इथे उपयोग नाही, कारण मारायला जिवाणू नाही, विष आहे. पाणी आणि ओआरएस द्या. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा लघवी बंद झालेला रुग्ण असेल तर दवाखाना. ज्याच्या बोटाला जखम आहे त्यानं मोदकाची उकड मळू नये, हा साधा नियम घरातल्या मोठ्यांनीच घालून द्यावा.

बांगडा खाल्ला आणि अंग लाल झालं. मला माशांची ॲलर्जी आहे का?

पुष्कळदा नसते. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय राहिला की मॉर्गनेलासारखे जिवाणू त्याचं हिस्टॅमिन बनवतात. ॲलर्जीत आपल्या मास्ट पेशी जे हिस्टॅमिन सोडतात, तोच हा रेणू, फक्त इथे तो ताटातून आयता येतो आणि रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ रिसेप्टरवर बसतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड, पित्त उठणं असं होतं. एकाच माशाचं जेवण जेवलेल्या अनेकांना एकदम झालं तर ॲलर्जीपेक्षा याचाच संशय घ्यावा. काहींना मासा जिभेला चरचरीत लागतो.

तळून, उकडून, खारवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून हे हिस्टॅमिन जात नाही. होडीपासून बाजारापर्यंत बर्फ सुटता कामा नये, हाच उपाय. टोपलीत पुरेसा बर्फ ठेवणाऱ्या मासेवालीकडे दोन रुपये जास्त द्यावेत असं मला मनापासून वाटतं. श्वास अडकत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र ॲलर्जी की हिस्टॅमिन याचा विचार घरी करत बसू नका, लगेच निघा.

कालवं काढताना पाय कापला. किती घाबरायचं?

खाडीच्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रियो कुळातले जिवाणू असतात. त्यांतला व्हिब्रियो व्हल्निफिकस क्वचित जखमेतून आत शिरतो, पण शिरला तर फार वेगानं पसरतो. त्याचं फ्लॅजेलिन टीएलआर-५ ला आणि अंतर्विष टीएलआर-४ ला जागं करतं, शिवाय तो पेशींना भोकं पाडणारी विषं सोडतो. यकृताचा जुना आजार, दारूनं खराब झालेलं यकृत किंवा मधुमेह असलेल्यांना सर्वाधिक धोका. जखम लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. काही तासांत लाली वर चढत गेली, काळसर फोड आले, दिसण्याच्या मानानं दुखणं फार जास्त असलं किंवा ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका. आपल्याकडे कालवं आणि तिसऱ्या शिजवून खातात, ती चांगलीच सवय आहे.

कॉलऱ्याचं विष पांढऱ्या पेशींवरही बसतं का?

बसतं. जीएम-१ नावाच्या ज्या मेदरेणूवर ते बसतं तो आतड्याच्या पेशींप्रमाणे पांढऱ्या पेशींवरही असतो. विषाचे पाच बी-भाग जीएम-१ धरतात आणि एकटा ए-भाग आत जाऊन सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू वाढवतो. आतड्यात त्यामुळे पाणी वाहून जातं. पांढऱ्या पेशींत त्याच सायक्लिक एएमपीमुळे दाह कमी होतो, म्हणून कॉलऱ्यात आतडं फारसं सुजत नाही. हे विष असतं हे शंभूनाथ दे यांनी कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये सिद्ध केलं. त्यांना त्यांच्या हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाळाला डांग्या खोकला आहे आणि पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. हे चांगलं की वाईट?

वाईट. डांग्या खोकल्याचं विष पेशीच्या आतल्या जी-आय प्रथिनाला निकामी करतं. लिम्फोसाइटना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रक्तातून गाठींमध्ये आणि ऊतींमध्ये जाण्याचा इशारा याच प्रथिनामार्फत मिळतो. तो मिळेनासा झाला की त्या रक्तातच साचतात. आकडा मोठा दिसतो, पण पेशी हव्या तिथे पोचत नाहीत. तान्ह्या बाळात फार मोठा आकडा जिवावर बेततो. लस वेळेवर द्या.

धनुर्वात होऊन माणूस बरा झाला. त्याला पुन्हा लस कशाला?

कारण धनुर्वाताचं विष इतकं तीव्र आहे की आजार होण्याइतकी मात्रा प्रतिकारशक्ती जागी व्हायला पुरत नाही. आजारातून उठलेला माणूसही असुरक्षितच राहतो. लसीत फॉर्मॅलिननं निर्विष केलेलं टॉक्सॉइड असतं, म्हणून ते भरपूर देता येतं. त्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी विषाला पेशीवर बसण्याआधीच धरतात.

घटसर्पाचंही तेच. तयार अँटिटॉक्सिन फक्त रक्तात मोकळ्या असलेल्या विषाला अडवतं. विष पेशीत शिरलं की त्याचा उपयोग संपतो. घशात राखाडी पडदा दिसला तर तासांचा हिशोब असतो.

मग रिसेप्टरच बंद करणारं औषध का देत नाहीत?

कधी देतात, आणि त्याचं उत्तम उदाहरण कोकणातलंच आहे. विंचवाचं विष जिवाणूचं नाही, पण तत्त्व हेच. लाल विंचवाच्या दंशानं ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर अतोनात उत्तेजित होतात आणि हृदय थकतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रिसेप्टर अडवणारं प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अंतर्विषाच्या बाबतीत तसं यश आलं नाही. टीएलआर-४ अडवणारं एरिटोरान हे औषध गंभीर सेप्सिसच्या (संसर्गामुळे सगळ्या शरीरभर उसळलेल्या प्रतिक्रियेच्या) मोठ्या चाचणीत मृत्यू कमी करू शकलं नाही, हे २०१३ मध्ये जाहीर झालं. माझ्या समजुतीप्रमाणे वेळ हे त्याचं एक मोठं कारण. रुग्ण आयसीयूत पोचेपर्यंत टीएलआर-४ नं आपला निरोप केव्हाच दिलेला असतो. विषाचं उत्पादनच थांबवणं हा दुसरा मार्ग आहे. टॉक्सिक शॉकमध्ये क्लिंडामायसिन म्हणूनच जोडतात, ते जिवाणूला प्रथिन बनवू देत नाही.

आणि उलटा उपयोगही आहे. लिपिड-ए चं सौम्य केलेलं रूप, एमपीएल, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एका लसीत आणि नागिणीच्या लसीत घालतात. टीएलआर-४ थोडासा जागा झाला की लसीचा परिणाम वाढतो.

काढ्यानं किंवा हळदीच्या दुधानं हे विष उतरतं का?

नाही. घसा शेकायला घ्या, त्यासाठी दवाखाना लांबवू नका.

सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, एएसओ हे रिपोर्ट विषाचं प्रमाण सांगतात का?

तिन्ही आपल्या शरीराचं उत्तर मोजतात, विष मोजत नाहीत. सीआरपी यकृत बनवतं, इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. त्यामुळे तो जिवाणूशिवायच्या दाहातही वाढतो. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गात अधिक वाढतं, तरी एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. एएसओ म्हणजे घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी. घसादुखीनंतर काही आठवड्यांनी त्या सर्वाधिक असतात आणि नंतर काही महिने रेंगाळतात. म्हणून नुसता एएसओ वाढलेला दिसला की मुलाला संधिवाताचा ताप आहे असं ठरत नाही. सांधे, हृदय आणि आधीच्या घसादुखीची हकिकत पाहून डॉक्टर ते ठरवतात.